पाया पडण्यापुरता गुडघा

आमच्या भागात मुलगी बघायला येत तेव्हा तिचं तोंड शेवटी बघत. आधी बघत ती वाकते कशी. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, पाहुणे ओळीनं बसलेले, आणि मुलीनं डोक्यावरचा पदर सांभाळत एकेकाच्या पुढ्यात उकिडवं बसायचं, पायांना हात लावून कपाळाला लावायचा, उठायचं, थोडं सरकायचं, पुन्हा बसायचं. हे सगळं जमिनीला हात न टेकता. हात टेकला की आत दाराआड उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे बघत. या एका रीतीत मुलीचं सगळं कळतं असा त्यांचा दावा होता: कंबर कशी आहे, पाय कसे आहेत, वळण कसं आहे, कापूस वेचायला दिवसभर वाकेल का. बैल घेताना त्याला चालवून बघतात, आम्हांला वाकवून बघत. बैलाच्या बाबतीत निदान तो विकणारा खोटं बोलतो हे दोघांनाही ठाऊक असतं.

माझा उजवा गुडघा वाकताना दुखायचा. एवढंच माझं वैगुण्य. रंगानं मी बरी होते, चौथीपर्यंत शिकले होते, भाकरी थापायला मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण सकाळी उठले की गुडघा धोंड्यासारखा झालेला असे आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत सैल होत नसे. चुलीपुढं बसले की उठताना तोंडातून आवाज निघायचा. तो आवाज घरात सगळ्यांना ऐकू जायचा आणि सगळे तो ऐकलाच नाही असं दाखवायचे.

दुखणं लागलं कशामुळं, यावर घरात दोन मतं होती. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणत की रझाकारांच्या साली गाव सोडून आम्ही ओल्या रानात, उभ्या ज्वारीत लपून बसलो होतो, तेव्हाचा गारठा हाडात शिरला. माय म्हणे, मी तिठ्यावरचा उतारा ओलांडला असणार. त्या रानातलं मला फारसं आठवत नाही, बहुतेक वेळ मी मायच्या कुशीतच होते. उतारा ओलांडल्याचं तर बिलकुल आठवत नाही. माझं स्वतःचं मत कुणी विचारलं नाही. मत असण्याइतकी मी मोठी नव्हते आणि दुखण्याइतकी मोठी होते.

उपाय मात्र मनापासून झाले, ते नाकारत नाही. निर्गुडीचा पाला उकळून शेकलं, एरंडाची पानं तव्यावर तापवून बांधली. बिब्बा लावला, त्यानं गुडघ्यावर फोड आले. केदारखेड्याला डाग देणारा एक म्हातारा होता. आमचं गाव तिथून हाकेवर. त्यानं लालभडक सळई गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना टेकवली आणि माझ्या तोंडात मायनं पदराचा बोळा कोंबला. गुडघा दुखायचा काही थांबला नाही. वर डाग दुखायला लागले.

माझं वय लग्नाचं झालं तसं गुडघ्याचं दुखणं घराचं झालं. तोवर ते माझं एकटीचं होतं. आबांच्या थोरल्या भावाची बायको, आमची काकू, भावकीतल्या सगळ्या सोयरिकी जुळवायची. तिच्या शब्दाला घरात आबांपेक्षा जास्त वजन होतं. ती एक दिवस ओट्यावर पान लावत म्हणाली, "पाव्हन्यांफुडं ही अशी कण्हत उठली तं कोन पसंत करतंय हिला? आधी जालन्याला दाखवा. जल्दी करा, पोरीचं वय काय थांबून न्हाई राह्यलं."

म्हणून आबा मला जालन्याला घेऊन गेले. सडकेपर्यंत बैलगाडी आणि पुढं मोटार. तेव्हा आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कचेरीतली भाषा बदलली होती, पण डॉक्टरांची बदलली नव्हती. ते हैद्राबादेत शिकलेले, म्हातारे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. त्यांनी माझा गुडघा दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवला, आणि मी कण्हले तेव्हा थांबले. असं थांबणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मग आबांना म्हणाले की एक नवी विलायती दवा निघाली आहे, सांध्यातच टोचायची असते. त्यांनी वाटीच्या कडेला अंगठा दाबला, सुई आत घातली, पिवळसर पाणी ओढून काढलं आणि त्याच सुईतून दुधासारखं पांढरट औषध आत सोडलं.

त्या दिवशी गुडघा जास्तच ठणकला. मोटारीत मी रडत आले. पण एक दिवस गेला आणि त्यानंतरच्या सकाळी मी उठले तर गुडघा होता की नव्हता कळेना. मी न्हाणीत जाऊन उकिडवी बसले. उठले. पुन्हा बसले. काही काम नसताना मी बसत होते आणि उठत होते, आणि मला हसू आवरत नव्हतं. गोठ्यात गेले, शेण भरलं, परत आले, पुन्हा बसले. माय दारात उभी राहून डोळ्याला पदर लावत होती. त्या सकाळी मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढं आयुष्यात कशानं झाला नाही, लग्नानं तर नाहीच. त्या औषधाला मी नुसत्या शिव्या घालते असं कुणाला वाटू नये म्हणून हे लिहिलं.

डॉक्टर काय म्हणाले होते तेही लिहिते. सुई काढून कापूस दाबत ते आबांना म्हणाले होते (खेड्यातल्या प्रत्येकाला ते पटेलच म्हणत), "ये सुई दर्द कू सुलाती, पटेल. बीमारी कू नै सुलाती. दो हफ्ते लडकी कू आराम देना. और ये दवा बार बार नै लेना, हड्डी कू नुक्सान होता." दुखणं झोपतं, आजार जागाच राहतो, आणि पुन्हापुन्हा घेतलं तर हाडाला धोका. आबांनी हे सगळं ऐकलं. उर्दू त्यांना माझ्यापेक्षा चांगली येत होती, निजामाच्या अमलात त्यांची निम्मी हयात गेलेली. पण माणूस आपल्याला पाहिजे तेवढंच घरी घेऊन येतं. घरी आल्यावर त्यांनी काकूला सांगितलं ते असं: "दुखनं झोपी जातंय म्हने सुईनं. मंग पाव्हने असतील तव्हा झोपू दे की. आपल्याला तरी एरवी कशाला पाहिजे?"

आबा मुळात वाईट नव्हते, असं इथं लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं आणि त्यांनी माझा गुडघा लोकांना दाखवण्यासाठी वापरला. दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

तर मग रीत अशी पडली. पाहुण्यांचा दिवस ठरला की आधी सुईचा दिवस धरायचा. टोचलेल्या दिवशी ठणका, दुसरा दिवस सोडून द्यायचा, आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे बोलवायचे. काकू पंचांगातला मुहूर्त बघायची आणि आबा सुईचा. पहिले पाहुणे भोकरदनकडचे, ते पहिल्या सुईचा असर होता तोवरच आले. मी सगळ्यांच्या पाया पडले, हात न टेकता, पदर न घसरू देता. शेवटच्या म्हाताऱ्यानं "उठ माय, सुखाची हो" म्हणून पाठीवरून हात फिरवला. चहा झाला, पानसुपारी झाली, आणि मग कुणीतरी देवक विचारलं. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं, म्हणजे सोयरीकच बाद. ते आधी विचारायचं असतं. दोन्हीकडच्या शहाण्यांना वाटलं होतं की दुसऱ्यानं विचारलं असेल. पाहुणे हसत हसत गेले आणि एक सुई वाया गेली.

दुसऱ्या वेळी आबा मला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. तोवर दुखणं परत आलं होतं, पहिल्यापेक्षा खोल. डॉक्टरांनी गुडघा बघितला, मी किती दिवस आराम केला ते विचारलं. आबा म्हणाले, लई केला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, "अब्बी नै." आबांनी हात जोडले, पाहुण्यांचं सांगितलं, लेकीच्या जन्माचा प्रश्न आहे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "मैं भी वोइच बोल रा, पटेल." आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बाहेर येऊन आबा चिडले. "त्याला काय जातंय नै म्हनायला? त्याची पोरगी हाय का घरात बसून राह्यलेली?"

मोटार स्टँडाजवळ एक जण होता. आधी कुठल्यातरी दवाखान्यात कंपौंडर होता, मग स्वतःच डॉक्टर झाला. खेड्यापाड्यांत त्याचं मोठं नाव होतं, कारण तो प्रत्येकाला सुई टोचायचा. आमच्याकडे सुई न टोचता गोळी देणाऱ्या डॉक्टरला लोक डॉक्टर मानत नसत, आणि आराम करा म्हणणाऱ्याला तर वेडा समजत. या माणसाला नाही हा शब्दच ठाऊक नव्हता. तेच औषध त्यानं कुठून तरी पैदा केलं, अंगठा दाबून जागा शोधण्याची भानगड न करता टोचलं, आणि वर पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली. "ताकद येतीय ह्यानं," म्हणाला.

पुढं किती पाहुणे आले ते मी सांगत बसत नाही. नकार दर वेळी नवा असे. एकदा मुलाच्या मामाला पानात चुना जास्त झाला म्हणून राग आला. एकदा मी मुलापेक्षा उंच निघाले. एकदा तर काहीच कारण नव्हतं, नुसता निरोपच आला नाही. गुडघ्यावरून मला कुणी नाकारलं नाही. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा चालला होता तो गुडघा दर वेळी पास व्हायचा आणि मी नापास. दर वेळी वाटेत स्टँडाजवळचा दवाखाना होताच.

त्या गोळ्यांनी माझा चेहरा गोल झाला. गाल भरले. काकू खूश. "अंग धरलं पोरीनं, नदर लागंल," म्हणाली आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या. आरशात मला माझंच तोंड सुजल्यासारखं दिसायचं, पण सुजलेलं तोंड जर लोकांना देखणं दिसत असेल तर बोलणारी मी कोण? खरा घोर मायला लागला तो दुसऱ्याच गोष्टीचा. सुई टोचायची त्या जागेवर चामडी पातळ झाली, खड्डा पडला, आणि एक पांढरा डाग उमटला. चांगला रुपयाएवढा. मायनं तो पाहिला आणि आधी दार लोटून घेतलं. गुडघा दुखतो म्हटलं तर लग्न अडतं, पण कोड आहे म्हटलं तर धाकट्या बहिणीचंही अडतं, चुलतबहिणींचंही अडतं. तेव्हापासून पाहुणे येणार असले की माय माझ्या गुडघ्यावर मेंदी वाटून लावायची. पाहुण्यांतल्या बायका मुलीला आत नेऊन लुगडं वर करून पाय बघत, म्हणून ही तजवीज. हाताला नाही, पायाला नाही, नेमकी गुडघ्याला मेंदी लावलेली नवरीमुलगी त्या बायकांनी दुसरीकडे कुठं पाहिली असेल असं वाटत नाही. त्यांनी ते कौतुकानं बघितलं आणि ही कुठली रीत म्हणून विचारलं. काकूनं आपल्या माहेरची म्हणून ठोकून दिलं.

आमच्या तालुक्यात तोवर कुजबूज सुरू झाली होती. म्हणून स्थळ लांबचं बघितलं. शहागडच्या अलीकडं, गोदेकाठच्या एका गावातलं. चांगली काळी जमीन, घरात माणसं भरपूर. बघायला आले तेव्हा मुलाची आई, जी पुढं माझी सासू झाली, म्हणाली, "जरा दारापस्तोर जाऊन ये बरं, बाई." मी दारापर्यंत गेले आणि आले. मुलगा कोपऱ्यात बसून सतरंजीची दशी ओढत होता. माझ्याकडे त्यानं बघितलं नसावं. त्याच दिवशी सुपारी फुटली.

मी मायला विचारलं, "लगीन झाल्यावर काय करायचं? तितं कोन सुई टोचनार?"

माय म्हणाली, "लगीन झालं की बाईचं अंग बदलतंय, पोरी. सगळं आपोआप बराबर होतंय."

ती मला फसवत नव्हती. तिचा खरोखर तसाच विश्वास होता. तिच्या आईनंही तिला कधीतरी तेच सांगितलं असणार.

लग्नाच्या आधी स्टँडाजवळच्या त्या माणसानं दुप्पट औषध टोचलं, वेळ निभवावी म्हणून. वेळ निभावली. पाटावर बसणं, सप्तपदी, वरात, सगळं झालं. सासरी त्यांची रीत अशी होती की नवी सून भावकीतल्या घरोघर जाऊन उंबऱ्यावर, देवघरापुढं डोकं टेकणार आणि घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या पाया पडणार. भावकी म्हणजे निम्मं गाव. ओट्यावरचे म्हातारे, बाजेवरचे म्हातारे, पाय खाली सोडायलाही त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या, त्यांच्या पायांपाशी मी दिवसामागून दिवस उठत बसत होते. गुडघा काही बोलला नाही. आतून कधीकधी वाळू भरडल्यासारखं वाटायचं, पण दुखत नव्हतं, आणि दुखत नाही म्हणजे बरं आहे असंच मला त्या वेळी वाटत होतं. सासूनं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, "लई लीन हाय पोरगी." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

औषध उतरलं ते कापूस वेचणीच्या दिवसांत. हे दुखणं आता पहिल्यासारखं नव्हतं. आधी सकाळी दुखून दुपारी सैल व्हायचं. आता जितकं चालावं तितकं वाढायचं, आणि पाय टाकला की आत काहीतरी खचल्यासारखं व्हायचं. मी ओठ चावून वेचत राहिले. बायकांच्या ओळीत मी मागं पडायला लागले तशी सासू म्हणाली, "आधी तं लई चपळ व्हतीस. आता कामून अशी करून राह्यली?" मी म्हणाले, काटा मोडलाय.

मग एक दिवस विहिरीवरून घागर घेऊन येताना गुडघा बाजूला गेला. पुढं मागं नाही, बाजूला. मी पडले, घागर पडली, आणि उठता येईना. मला घरात उचलून आणलं. सासूनं लुगडं वर करून गुडघा बघितला आणि तो पांढरा डाग, तो खड्डा, ते वाकडं झालेलं हाड बघून ती बाजूला सरकली. सासऱ्यांनी दारातूनच विचारलं, "काय झाल्तं हिला? आधीचं हाय का हे?"

मी सगळं सांगितलं. सुया, गोळ्या, तिसरा दिवस, मेंदी. माझ्यात खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

सासरे म्हणाले, "म्हंजी आमाला फसिवलं."

त्यात खोटं काय होतं? फसवलंच होतं. फक्त फसवलेल्या माणसांत माझी गणती कुणी करत नव्हतं. त्या घरात मला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. चार दिवस बाजेवर जागच्या जागी जेवण दिलं आणि मग "बरी हून ये" म्हणून माहेरी आणून सोडलं. बरी झाल्याशिवाय येऊ नको, असा त्याचा अर्थ. तो समजायला फार शिक्षण लागत नाही.

आबांनी मग मला औरंगाबादेला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं गुडघ्याचा फोटो काढला. तरुण डॉक्टरनं तो खिडकीच्या उजेडात धरला आणि आम्हांला दाखवलं. मला त्यात नुसता धूर दिसला. डॉक्टर म्हणाला, मांडीच्या हाडाचं खालचं टोक खचलं आहे, वरून ठोकलेल्या मेखेसारखं बसलं आहे.

"कशानं?" मी विचारलं. आबा नाही, मी.

तो म्हणाला, "नक्की सांगता येणार नाही. मूळच्या संधिवातानंही होतं. पुन्हापुन्हा घेतलेल्या या सुयांनीही होत असावं, असं आता काही डॉक्टर म्हणू लागलेत. आणि दुखत नाही म्हणून त्याच पायावर जी मेहनत केली, तिनंही झालं असेल."

म्हणजे तीन संशयित, आणि पकडायला कुणीच नाही. आजारावर खटला भरता येत नाही, औषधानं तर मला हसवलं होतं, आणि मेहनत मी स्वतःच केली होती, पदर न घसरू देता. स्टँडाजवळच्या त्या माणसाचं नाव मी घेतलं तर आबा माझ्याकडे असे बघू लागले की मी गप्प बसले.

आणि मग आबांनी, त्या खिडकीपाशी, त्या फोटोपुढं उभं राहून विचारलं, "मंग आता एखादी सुई देता का?"

डॉक्टरनं फोटो खाली ठेवला. म्हणाला, "आता सुई टोचली तर उरलेलं हाडही जाईल. काठी द्या, पाय सरळ ठेवा. सांधा आखडतोय तर आखडू द्या. वाकणार नाही, पण वजन तरी पेलेल. एवढं सांभाळलं तर काठीवर का होईना, जन्मभर चालेल ती. नाही सांभाळलं तर बाजेवर."

एवढंच माझं उरलं होतं, आणि ते मी सांभाळायचं ठरवलं. वर्षभर माहेरी मी पाय लांब करून बसले. बाईनं, त्यातून लग्न झालेल्या लेकीनं, बापाच्या पुढ्यात पाय पसरून बसणं आमच्यात फार वाईट दिसतं. घरात येणारं माणूस आधी माझ्या पायाकडे बघायचं आणि मग मायकडे. मायनं वरून गोधडी टाकायला सुरुवात केली. उन्हाळ्यातसुद्धा पायावर गोधडी. मी ती काढून टाकायची, ती पुन्हा घालायची.

काकूनं मात्र हार मानली नव्हती. तिनं शहागडकडं निरोप धाडला की पोरगी ठणठणीत झाली, घेऊन जा. मला हे कळलं तेव्हा पाहुणा निघाल्याचा उलट निरोपही आला होता. माझा नवरा येणार होता. त्यांना मी आजही 'ते' म्हणते, सवय जात नाही.

ते यायच्या दोन दिवस आधी माय माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "आबा गाडी जुंपून राह्यले. जालन्याला जाऊन ये. एकच सुई, पोरी. शेवटची."

"डाक्टर काय म्हनला, ऐकलं नव्हतं का आबांनी? उरलेलं हाड जाईल."

"एका सुईनं काय व्हतंय? गाडीत बसूस्तोवर तरी दम धरंल. एकदा सासरी गेलीस की मंग बगू."

मंग बगू. माझा सगळा गुडघा त्या दोन शब्दांवर गेला होता. मी तिचा हात सोडवला आणि नाही म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, बाहेर गाडीपाशी आबांना ऐकू जाईल असं. आयुष्यात घरातल्या माणसांना मी नाही म्हटल्याचं मला आठवतं ते हेच पहिलं. आबांनी बैल सोडले. मला वाटलं होतं ते मारतील. त्यांनी नुसतं जू उतरवून ठेवलं, आणि मला त्याचाच जास्त राग आला, कारण इतकं सोपं होतं तर मी आधीच 'नाही' का म्हणाले नाही?

तिसऱ्या दिवशी 'ते' आले. केदारखेड्याला त्यांचे एक नातलग होते, त्यांची बैलगाडी स्वतः हाकत आणली होती. अंगणात गाडी उभी केली, हातपाय धुतले, पाणी प्यायले. चहाला बसले नाहीत. मी ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब, गोधडी नाही, काठी शेजारी. त्यांनी पायाकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. मग अंगणात उभं राहून आबांशी बोलले. आवाज काही लपवला नाही.

"घरच्यांनी सांगून धाडलंय, मामा. पोरगी गाडीपस्तोर चालत आली, बिनकाठीची, तं घेऊन ये. न्हाई तं राहू दे."

आबांनी माझ्याकडे बघितलं. काकू माझ्या कानाशी आली. "उठ. दातओठ खाऊन गाडीपस्तोर जा फकस्त. उठ गं, जल्मभराचं कल्याण हाय."

मला जाता आलं असतं. हे मी लपवत नाही. जीव खाऊन, पाय फरफटत, मी गाडीपर्यंत पोचले असते, आणि तिथं त्यांनी हात दिला असता तर वरही चढले असते. पण किती जणांपुढं मी चालून दाखवलं होतं! आता माझ्याकडे चालायचं हाड थोडंच उरलं होतं, आणि ते मला माझ्यासाठी हवं होतं. मला त्यांच्या घरीही जायचं होतं. दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही हवं असण्यात मला काही चूक वाटत नव्हती.

नवऱ्याशी मी चारचौघांत कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"मला वाकता येत न्हाई. चालाया येतंय काठीवर, पन ह्ये असं दाखवायला म्या चालनार न्हाई. मला न्यायची आसंल तं गाडी हितं वट्ट्यापस्तोर आना. बसते म्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सतरंजीची दशी ओढणाऱ्या त्या माणसानं माझ्या तोंडाकडे नीट बघण्याची ही पहिलीच वेळ असावी. नजरेत राग नव्हता. उलट काहीतरी मऊच होतं, असं मला वाटलं. मग ते वळले, गाडीवर चढले, कासरा ओढला, आणि बैलांची तोंडं ओट्याकडे झाली.

माय धावतच आत गेली. माझं गाठोडं घेऊन आली. काकूनं हातावर द्यायला दह्याची वाटी आणली. आबा बाजूला सरले, गाडीला जागा दिली. मी ओट्याच्या कडेला सरकले, काठी उचलली, पाय जपून बाहेर काढला. गाडी येत होती. चाक ओट्याला लागूनच आलं, इतकं जवळ की मला पाय मागं घ्यावासा वाटला, आणि तो घेता येत नव्हता.

आमचं अंगण अरुंद होतं. गाडी वळवायची तर ओट्याला घासूनच वळवावी लागायची.

ती वळली आणि फाटकातून बाहेर पडली. त्यांनी मागं बघितलं नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज ओढ्याच्या उतारापर्यंत येत होता. काकूच्या हातात दह्याची वाटी तशीच होती. माय माझं गाठोडं छातीशी धरून उभी होती, गाडी अजून येणारच आहे अशी.

"खाली ठेव, माय," मी म्हणाले. "जड हाय ते."